सटाण्यांतील अतिथिगृह

प्रवास कशासाठीं करावा याविषयीं मतभेद असतील. परंतु दिवसभर चालून आलेल्या माणसाला रात्रीं काय हवें असतें, याविषयीं मतभेद नसावा. कढत पाणी, गरम अन्न, स्वच्छ अंथरूण आणि निवांत झोंप एवढें मिळालें म्हणजे तो यजमानाला दुवा देतो. जुन्या काळीं हें काम धर्मशाळेनें केलें, पुढें डाकबंगल्यानें केलें आणि नंतर हॉटेलानें केलें. हॉटेलाचा जो एक नवा प्रकार अलीकडे जिकडेतिकडे दिसूं लागला आहे, तो सटाण्यासारख्या गांवीं कसा उभा करावा, हा या भाषणाचा विषय आहे.

या प्रकाराला ‘बुटिक हॉटेल’ म्हणतात. बुटिक म्हणजे फ्रेंच भाषेंत लहानसें दुकान. १९८४ सालीं न्यूयॉर्क शहरांत ‘मॉर्गन्स’ नांवाचें हॉटेल निघालें. इतर हॉटेलें म्हणजे सर्व जिनसांचीं मोठीं भांडारें आणि हें म्हणजे निवडक मालाचें लहान दुकान, अशी उपमा त्याच्या चालकांपैकीं स्टीव्ह रुबेल यांनीं दिली असें सांगतात. उपमा लोकांना पटली आणि नांव रूढ झालें. थोड्या खोल्या, पाहुण्याला नांवानें ओळखणारे सेवक, आणि ज्या गांवीं तें उभें आहे त्या गांवाची खूण, हीं या हॉटेलाचीं लक्षणें होत.

महाराष्ट्रांत याचें चांगलें उदाहरण सावंतवाडीस आहे. तेथील गंजिफांची, म्हणजे हातानें रंगविलेल्या गोल पत्त्यांची, कला विसाव्या शतकांत नामशेष होण्याच्या पंथाला लागली होती. शिवरामराजे भोसले व राणी सत्त्वशीलादेवी यांनीं राजवाड्यांतच कारागिरांना बसवून ती सांवरली. त्याच राजवाड्याच्या आवारांत पुढें एक लहानसें हॉटेल निघालें. त्याच्या सजावटींत गंजिफांचीं चित्रें आहेत आणि ते पत्ते रंगविणारे हातहि पाहुण्याला राजवाड्यांत पाहावयास मिळतात. ती शोभा बाजारांतून विकत आणलेली नाहीं, त्या घराच्या उद्योगांतूनच ती आली आहे.

सटाण्याला असा राजवाडा नाहीं; पण उणीव वाटण्याचें कारणहि नाहीं. आरम नदीच्या कांठचें हें गांव बागलाण तालुक्याचें ठाणें आहे. येथील लोक ज्यांना देवमामलेदार म्हणून भजतात ते यशवंत महादेव भोसेकर हे सरकारी अंमलदार होते. १८७०-७१ च्या दुष्काळांत त्यांनीं सरकारी खजिना भुकेल्या जनतेसाठीं मोकळा केला, अशी त्यांची ख्याति आहे. मामलेदाराचें देऊळ बांधणारें गांव सहसा सांपडावयाचें नाहीं. तालुक्याच्या वायव्येस मुल्हेर आणि साल्हेर हे किल्ले आहेत. साल्हेर हा १,५६७ मीटर उंचीचा, महाराष्ट्रांतील सर्वांत उंच किल्ला. त्याच्या परिसरांत १६७२ सालीं मराठ्यांनीं मोगल फौजेचा उघड्या मैदानांत पराभव केला. जुलै २०२५ मध्यें मराठ्यांचे जे बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादींत गेले, त्यांत साल्हेर आहे. यापुढें पाहुणे वाढतील आणि त्यांच्या मागोमाग इमारतीहि येतील. त्या कशा असाव्या याचा विचार पाया खणण्यापूर्वीं झालेला बरा.

पहिला विचार जागेचा. किल्ल्याच्या पायथ्याशींच हॉटेल बांधण्याचा मोह स्वाभाविक आहे. श्रीलंकेंत सिगिरिया नांवाचा प्रचंड खडक आहे, आणि त्यावर प्राचीन राजधानीचे अवशेष आहेत. त्याच्या जवळ हॉटेल बांधण्याचें घाटत होतें. परंतु जेफ्री बावा या वास्तुशिल्पज्ञानें ती जागा सोडावयास लावून दूर कंदलम तलावाच्या बाजूस, डोंगराच्या कुशींत, तें बांधलें. १९९४ सालीं तें सुरू झालें. आतां वेलींनीं तें इतकें झांकलें आहे कीं, दुरून इमारत चटकन् ओळखूं येत नाहीं. साल्हेरलाहि हाच न्याय लावावा. पायथ्याच्या वस्तीवर आणि तिच्या विहिरींवर भार न घालतां मुक्काम सटाण्यास ठेवावा. वाटाड्याचें आणि दुपारच्या जेवणाचें काम मात्र गडाखालच्या लोकांकडे द्यावें, म्हणजे पाहुण्याच्या पैशाचा वांटा तेथेंहि पोंचेल.

दुसरा विचार घराचा. या भागांतील जुन्या धाब्याच्या घरापासून नकाशा काढणाऱ्याला पुष्कळ शिकतां येईल. जाड भिंती, मातीचें सपाट छप्पर आणि मधें चौक असें तें घर वैशाखांतल्या उन्हालाहि तोंड देतें आणि पौषांतल्या थंडीलाहि. चौकाभोंवतीं दहाबारा खोल्या असाव्यात. पश्चिमेच्या भिंती जाड व खिडक्या लहान असाव्यात, आणि पूर्वेला बसण्यासाठीं रुंद ओसरी असावी. मातीच्या छपराला दर पावसाळ्यापूर्वीं डागडुजी लागते. ती झेपत नसेल तर सिमेंटच्या स्लॅबवर विटांचे तुकडे व चुना यांचा जाड थर द्यावा. रूप हुबेहुब जुनें नसलें तरी चालेल. दुपारीं खोली थंड राहिली पाहिजे.

तिसरा विचार पाण्याचा, आणि तो सर्वांत महत्त्वाचा. मोसम व आरम या नद्यांच्या खोऱ्यांत फड पद्धतीनें पाणी वांटून घेण्याची रीत कित्येक पिढ्यांची आहे. नदीवर बंधारा बांधावयाचा, त्यांतून पाट काढावयाचा, पाटाखालच्या जमिनीचे फड पाडावयाचे, एका फडांत त्या हंगामाला एकच पीक घ्यावयाचें आणि पाळी येईल तेव्हांच पाटकऱ्यानें सोडलेलें पाणी घ्यावयाचें, असा तो नेम. ज्या तालुक्यानें पाण्याचा असा हिशेब राखला, तेथें पोहण्याचा तलाव खोदून तो उन्हाळ्यांत टँकरनें भरणें शोभणार नाहीं. गड उतरून आलेल्या माणसाला बादलीभर कढत पाणी त्या तलावाहून अधिक सुख देतें. सांडपाणी गाळून अंगणांतल्या झाडांना द्यावें आणि पावसाचें पाणी टांक्यांत सांठवावें.

यानंतर पाहुण्याचा दिवस. यजमानानें तो तासातासानें कागदावर मांडावा आणि मगच सामान खरेदी करावें. पाहुणा संध्याकाळीं येतो तेव्हां त्याच्यापुढें नोंदवहीच्या आधीं गूळपाणी यावें. दारांतच बूट ठेवण्याची फळी, खोलींत ओले कपडे टांगण्यास पुरेशा खुंट्या, उशाशीं वाचण्याइतका दिवा आणि निष्कलंक स्वच्छ शौचकूप, यांपुढें भिंतीवरची चित्रें गौण होत. जेवणांत बाजरीची भाकरी, ठेचा, भरीत आणि सणासुदीला खापरावरचे मांडे असावेत. पहांटे चार वाजतां निघणाऱ्याला चहा आणि बांधलेली शिदोरी मागावी लागूं नये. रात्रीं ओसरीवर कोणी जाणत्यानें देवमामलेदारांची कथा किंवा साल्हेरची लढाई सांगावी. पण ज्याला झोंप आली आहे त्याला ती ऐकण्याचा आग्रह नसावा.

येथें एका मोहापासून सांभाळावें लागतें. अंगणांत न चालणारी बैलगाडी उभी करणें, सेवकांना फेटे बांधून नमस्कार करावयास लावणें, पितळी घंगाळांत कागदी फुलें ठेवणें, याला गांवाची खूण म्हणत नाहींत. सेवक आपसांत जी अहिराणी बोलतात ती पाहुण्याच्या कानावर सहज पडावी, तिचें सोंग नसावें.

व्यवहाराचा भागहि विसरतां येत नाहीं. गडावर जाणाऱ्यांचा ओघ पावसाळ्यापासून थंडी सरेपर्यंत असतो, आणि मार्गशीर्षांत देवमामलेदारांची यात्रा भरते. चैत्रवैशाखांत मात्र खोल्या रिकाम्या पडतील. त्या दिवसांत कांदा व डाळिंब यांच्या व्यापाऱ्यांना कमी दरानें खोल्या द्याव्या. सेवक थोडे असावेत, पण बारा महिन्यांचे असावेत. कारण हंगामापुरता ठेवलेला माणूस पाहुण्याचें नांव लक्षांत ठेवीत नाहीं.

अशा घराची खरी परीक्षा पाहुण्यांच्या अभिप्रायाच्या वहींत पुरी होत नाहीं. वैशाखांत शेजारच्या विहिरीला पाणी आहे कीं नाहीं, तालुक्यांतलीं किती मुलें तेथें कामाला आहेत आणि साल्हेरच्या वाटाड्याला त्याची मजुरी वेळेवर मिळते कीं नाहीं, हेंहि पाहावें लागेल. भुकेल्यांसाठीं खजिना उघडणाऱ्याची पूजा करणाऱ्या गांवाला ही परीक्षा जड जाण्याचें कारण नाहीं.