वावरातल्या डोळ्यांनी गोल्फ: स्पेन-पोर्तुगालला टूर्नामेंट बघायला जायचं तर

(आजच्या भागाचा लिखित मजकूर. ऐकायला वेळ नसेल, नेट पुरत नसेल, तर इथं वाचा.)

एसटीत असाल तर खिडकीची सीट पकडा, हेडफोन लावा. आजचा विषय ऐकून अर्धे लोक म्हणतील, "काऊन भाऊ, डोकं ठिकाणावर आहे ना?" कारण विषय आहे गोल्फ. तेही युरोपातलं. स्पेन, पोर्तुगाल, इटली.

मी मुकुटबनचा, हे तुम्हाला माहीतच आहे. झरी-जामणी तालुका, एका अंगाला कोळसा, दुसऱ्या अंगाला सिमेंट, आणि मधल्या सगळ्या जागेत पऱ्हाटी. आमच्याकडं गोल्फ म्हणजे टीव्हीवर चॅनल बदलताना मध्येच येणारं हिरवं चित्र. एक माणूस काठी घेऊन उभा, आणि कॉमेंटेटर कानात सांगितल्यासारखा हळू बोलतोय. तिथं आपण थांबत नाही.

पण गेल्या महिन्यात एक व्हॉइस नोट आली. पोरगा वणीकडचा, वय बावीस. नागपूरजवळच्या एका गोल्फ कोर्सवर कॅडी आहे. कॅडी म्हणजे खेळाडूची बॅग उचलणारा, कोणती काठी घ्यायची ते सुचवणारा माणूस. तो म्हणतो, "दादा, आमचे मेंबर लोक दर हिवाळ्यात स्पेन-पोर्तुगालला गोल्फ खेळायला जातात. येऊन फोटो दाखवतात. मी अडीच वर्षं पैसे साठवले, दोन लाख होत आले. मला खेळायचं नाही, एकदा मोठी टूर्नामेंट डोळ्यांनी बघायची आहे. घरचे म्हणतात त्या पैशात वावरात बोअर होईल. मी येडा आहे का?"

मी ती नोट तीनदा ऐकली. येडा आहेस की नाही, यावर बोलूच. आधी सगळ्यांसाठी ही भानगड काय आहे ते समजून घेऊ.

युरोपच्या उत्तरेला हिवाळ्यात बर्फ आणि चिखल. इंग्लंड, जर्मनी, स्वीडनच्या लोकांना तेव्हा गोल्फ खेळता येत नाही. दक्षिणेला मात्र ऊन असतं. म्हणून ते विमानानं खाली येतात. स्पेनच्या दक्षिण किनाऱ्याचं नाव कोस्टा देल सोल, म्हणजे सूर्याचा किनारा. तिथं गोल्फ कोर्स इतके झाले की लोक गमतीनं त्याला कोस्टा देल गोल्फच म्हणतात. शेजारी पोर्तुगालचा दक्षिण भाग, आल्गार्व्ह. तिथंही तेच. हॉटेल, नाश्ता, अठरा होल, संध्याकाळी समुद्र. याला म्हणतात गोल्फ हॉलिडे.

आता आल्गार्व्हची एक गोष्ट ऐका, आपल्या जिल्ह्याला आवडेल अशी. तिथं पेनिना नावाचा कोर्स १९६६ साली सुरू झाला. ज्या जागेवर तो झाला, तिथं आधी भाताची बांधी होती. पाणी साचलेली, पाय रुतणारी जमीन. ज्यानं कोर्स आखला त्यानं तिथं ढिगानं निलगिरी आणि इतर झाडं लावली, कारण झाडं पाणी ओढून घेतील आणि जमीन कोरडी होईल. आणि या माणसाचं नाव काय? हेन्री कॉटन. आता यवतमाळ जिल्ह्यातल्या माणसाला कॉटन म्हटलं की काय आठवतं, ते सांगायला नको! इंग्लंडचा मोठा खेळाडू, तीनदा ब्रिटिश ओपन जिंकलेला. म्हातारपणी तो पेनिनात राहायचा आणि त्याची बॅग उचलायला त्यानं एक गाढव ठेवलं होतं. त्याचं नाव पॅसिफिको.

पर्यटक हे ऐकून हसतो. आपल्याला वेगळं काहीतरी दिसतं. भाताचं वावर हॉटेलचं हिरवं गालिचं झालं. मग पाणी कोणाचं? २०२४ च्या सुरुवातीला आल्गार्व्हमध्ये इतका दुष्काळ होता की सरकारनं पाण्यात कपात केली. शेतीला पंचवीस टक्के, आणि शहरं, त्यात पर्यटनही आलं, त्यांना पंधरा टक्के. शेतकरी चिडले. का चिडले, हे आपल्याला कोणी समजावून सांगायची गरज आहे का? गोल्फवाल्यांचंही म्हणणं आहे, की आम्ही शुद्ध केलेलं सांडपाणी वापरायला लागलोय, लोकांना रोजगार देतोय. दोन्ही बाजू ऐकायच्या. पण तिथं गेलात तर विचारायचं नक्की, की भाऊ, हे गवत कोणत्या पाण्यावर आहे?

आता मॅच बघणं. मी स्वतः एकदाच बघितली आहे. सप्टेंबर २०२४, कंपनीच्या कामानं माद्रिदला होतो, दोन दिवस सुट्टी जोडली. स्पॅनिश ओपन चालू होती, क्लब दे काम्पो नावाच्या क्लबवर. हा क्लब शहराच्या कडेलाच आहे, सिटी बसनं जाता येतं.

क्रिकेटमध्ये तुम्ही तिकीट काढता आणि एका खुर्चीत अडकता. गोल्फमध्ये तिकीट काढलं की अख्खं मैदान तुमचं. दोरी बांधलेली असते. दोरीच्या आत खेळाडू, बाहेर आपण. म्हणजे वावरात पीक आणि आपण धुऱ्यानं चाललोय, तसंच. खेळाडू पुढं सरकला की तुम्हीही सरकायचं. अठरा होल चालून झाले की सहा-सात किलोमीटर सहज होतात, चढ-उतार वेगळा. तिथले लोक सँडविच खायला बसायचे तेव्हा मी चालत होतो. लहानपणी फवारणीचा पंप पाठीवर घेऊन सऱ्या तुडवल्या आहेत, त्यापुढं हे काय!

साधा हिशोब लक्षात ठेवा. टूर्नामेंट चार दिवसांची, गुरुवार ते रविवार. रोज अठरा होल. कमीत कमी फटक्यांत जो संपवेल तो जिंकला. दोन दिवसांनी मागचे बरेच जण बाहेर जातात, त्याला कट म्हणतात. फटका मारताना मार्शल हात वर करतो, तेव्हा एकदम चूप. फोन सायलेंट. गर्दी टाळायची असेल तर सकाळचे पहिले गट पकडा. आणि प्रॅक्टिसची जागा चुकवू नका, तिथं जगातले मोठे खेळाडू दहा-पंधरा पावलांवर दिसतात.

त्या रविवारी काय झालं सांगतो. एका बाजूला जॉन राम, यूएस ओपन आणि मास्टर्स जिंकलेला, स्पेनचा लाडका. दुसऱ्या बाजूला आन्हेल इदाल्गो, मार्बेयाचा पोरगा, या टूरवर तोवर एकही विजय नाही. बरोबरी झाली, प्ले-ऑफ झाला, आणि इदाल्गो जिंकला. माझ्या शेजारचे आजोबा रामचे चाहते होते, तरी रडत होते. मला स्पॅनिश येत नाही. पण अनोळखी पोरगा जिंकल्यावर गावाला काय वाटतं, ते कळायला भाषा कशाला लागते?

आता वणीच्या भावा, तुझ्यासाठी. स्पेनच्या गोल्फचा देव कोण माहीत आहे? सेव्हे बायेस्तेरोस. उत्तरेकडच्या पेद्रेन्या गावचा, शेतकऱ्याचा मुलगा. लहानपणी तो कॅडी होता. हातात एकच काठी, थ्री आयर्न, आणि सराव समुद्राच्या वाळूत. तीन ब्रिटिश ओपन, दोन मास्टर्स. १९९७ मध्ये रायडर कप पहिल्यांदा युरोपच्या मुख्य भूमीवर आला, दक्षिण स्पेनमध्ये वाल्देरामाला, तेव्हा युरोपचा कॅप्टन हाच. आणि युरोप जिंकला. आज तिथं जे हॉलिडेचं दुकान थाटलं आहे, त्याच्या पायात एका कॅडीचं नाव आहे.

आणि आपल्याकडं? मुंबईत चेंबूरला जुना गोल्फ क्लब आहे. तिथले कॅडी आपल्या वस्तीत, गल्लीत गोल्फ खेळतात. बांधकामाची सळई वाकवून केलेली काठी आणि प्लास्टिकचा बॉल. परदेशी फोटोग्राफरांनी त्यांचे फोटो काढले, जगभर छापून आले. खेळ त्यांना येतो. त्यांना अडवतं ते गेट. म्हणून "हा आपला खेळ नाही" असं कोणी म्हटलं तर मी म्हणतो, बॅग ज्यानं उचलली त्याचा खेळ नाही, तर कोणाचा?

मग जावं का? माझं स्पष्ट मत: जा, पण याच वर्षी नाही, आणि कर्ज काढून तर कधीच नाही.

पहिलं, पैसा. तिकीट हा खर्चातला लहान तुकडा आहे. विमान, राहणं, खाणं हा मोठा. हॉस्टेलमध्ये बेड घेतला, स्वतः भाजी-अंडी आणून खाल्लं, तर माझ्या हिशोबानं मुंबईहून आठवडाभर जाऊन यायला दीड लाखाच्या आसपास धरून चल. म्हणजे तुझी जवळपास सगळी पुंजी. घरचे बोअरचं म्हणतात त्यात चूक काहीच नाही. वावर कोरडं असेल तर आधी पाणी. माद्रिद पुढच्या वर्षीही तिथंच आहे.

दुसरं, व्हिसा. शेंगेन व्हिसाची फी नव्वद युरो, आणि नाकारला तर परत मिळत नाही. तीस हजार युरोचा प्रवास विमा लागतो. बँक स्टेटमेंट, कामाचा पुरावा, परतीचं बुकिंग लागतं. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, निकाल साधारण पंधरा दिवसांत, कधी पंचेचाळीसही लागतात. तुला पगार आणि टिप रोखीत मिळते, बरोबर? मग आजपासून ते पैसे खात्यात भरायला लाग. वर्षभराचं स्वच्छ स्टेटमेंट हेच तुझं खरं तिकीट. क्लबकडून कामाचं पत्र मागून ठेव.

तिसरं, सगळ्यांनी कान देऊन ऐका. टुरिस्ट व्हिसावर काम करता येत नाही. "चार लाख द्या, स्पेनमध्ये कॅडीची नोकरी लावतो, व्हिजिट व्हिसावर जा" असं कोणी म्हटलं तर फोन ठेवा. परदेशी नोकरीचा एजंट परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट साइटवर नोंदलेला असावा लागतो. तिथं नाव शोधायला दोन मिनिटं लागतात.

चौथं, आधी देशातली एक टूर्नामेंट बघ. गुरुग्रामला इंडियन ओपन होते, त्यात युरोपच्या टूरचे खेळाडू येतात. नागपूरहून दिल्लीला रेल्वेनं जाता येतं. तिथं दोन दिवस धुऱ्यानं चाल, बघ मन भरतं का. भरलं नाही तर स्पेनचं तिकीट काढ.

आणि गेलास की आपल्या डोळ्यांनी बघ. मेंबर फोटोत समुद्र दाखवतो. तू बघ की ग्रीनवरचं गवत तीन मिलिमीटरवर कसं ठेवलं आहे, पहाटे ते कोण कापतं, मोठ्या खेळाडूचा कॅडी वारा कसा बघतो, फटक्याआधी काय बोलतो, चुकलेल्या फटक्यानंतर कसा गप्प राहतो. ही तुझ्या धंद्यातली विद्या आहे. तुझी सहल शिक्षण होऊ शकते, त्यांची सुट्टीच राहील.

बाकीच्यांना, ज्यांना कुठंच जायचं नाही, त्यांच्यासाठी फुकटातला उपाय. उन्हाळ्यात स्पेनची घड्याळं आपल्यापेक्षा साडेतीन तास मागं असतात. तिथं रविवारी संध्याकाळचे पाच वाजले की आपल्याकडं रात्रीचे साडेआठ. शेवटचे तीन-चार होल तेव्हाच रंगतात. भाकर वाढून घ्या, मोबाइलवर स्कोअर लावा, एखाद्या अनोळखी पोराचं नाव पकडा. नोव्हेंबर २०२३ मध्ये आपली अदिती अशोक स्पेनच्या ओपनमध्ये जिंकली, तेव्हा किती जण बघत होते? पुढच्या वेळी निदान आपण बघू.

कोणी कॅडी असेल, कोर्सवर गवत कापत असेल, तर व्हॉइस नोट पाठवा. एक भाग फक्त तुमच्या कामावर करू. भेटू पुढच्या गुरुवारी. काळजी घ्या!