मंडळातला ‘ळ’ आणि र. कृ. जोशी

(सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त मानेसर येथे झालेल्या स्नेहमेळाव्यातील भाषण)



मंडळाच्या दिवंगत सभासदांना आपण आरंभीच श्रद्धांजली वाहिली. आता ज्यांचे स्मरण करावयाचे आहे ते आपले सभासद नव्हते. तरीही त्यांनी घडविलेली अक्षरे आपल्यापैकी बहुतेकांनी वाचली आहेत. सरकारी नोकरीत असलेल्यांनी तर ती रोज वाचली आहेत. ते म्हणजे रघुनाथ कृष्ण जोशी. मराठी वाचक त्यांना र. कृ. जोशी म्हणून ओळखतो.

आरंभ आपल्याच एका जुन्या कागदापासून करतो. मंडळाच्या सुरुवातीच्या वर्षांतील एक अहवाल नुकताच आमच्या पाहण्यात आला. एका हिंदी छापखान्यात शिशाचे खिळे जुळवून तो छापला होता. त्या छापखान्याकडे ‘ळ’चा खिळा नव्हता. त्यामुळे मुखपृष्ठावर ‘मराठी मंडल’ असे छापले गेले आणि तत्कालीन कार्यवाहांनी प्रत्येक प्रतीवर पेनाने ‘ल’चा ‘ळ’ केला. मौज अशी की, येथल्या हरियाणवी बोलीत ‘ळ’चा उच्चार आजही खणखणीत ऐकू येतो, नित्याच्या हिंदी लेखनात मात्र त्याला जागा नाही. एका अक्षरासाठी कार्यवाहांनी केलेला तो खटाटोप पाहून आम्हांस हसू आले आणि भरूनही आले.

असाच खटाटोप, पण साऱ्या देशासाठी, र. कृ. जोशी यांनी केला. १९३६ साली जन्मलेले जोशी सुलेखनकार होते आणि कवीही होते. साठोत्तरी काळात अनियतकालिकांभोवती जमलेल्या मंडळींतले ते एक. अक्षराचा आकार हाच कवितेचा आशय व्हावा, असे प्रयोग त्यांनी मराठीत केले. पोटापाण्यासाठी ‘उल्का’ या जाहिरातसंस्थेत दीर्घकाळ कलादिग्दर्शन केले. १९८३ मध्ये ते पवईच्या आयआयटीतील औद्योगिक अभिकल्प केंद्रात प्राध्यापक झाले. सर्व भारतीय भाषा एकाच लिपीत लिहिता याव्यात म्हणून त्यांनी ‘देशनागरी’ नावाची लिपीही योजिली होती. बोरू आणि कुंचला हाती धरणाऱ्या या माणसाने पुढे संगणकाला आपले साधन केले.

त्या काळची अवस्था आम्हांस चांगली आठवते. एका कार्यालयात संगणकावर टंकलेली हिंदी टिपणी दुसऱ्या कार्यालयात उघडावी, तर पडद्यावर निरर्थक रोमन चिन्हांची रांग उभी राही. प्रत्येक अक्षरसंचाची सांकेतिक भाषा निराळी! युनिकोड या आंतरराष्ट्रीय प्रमाणाने प्रत्येक अक्षराला कायमचा क्रमांक दिला. आपल्या ‘ळ’चा क्रमांक आहे ०९३३. पण क्रमांक म्हणजे अक्षर नव्हे. क्रमांकाला चेहरा लागतो, आणि देवनागरीचा चेहरा घडविणे सोपे नाही. ‘कि’ लिहिताना आपण आधी ‘क’ टंकतो आणि मग वेलांटी. पडद्यावर मात्र वेलांटी ‘क’च्या आधी यावी लागते. ‘आचार्यास’ म्हणजे गुरूंना आणि ‘आचाऱ्यास’ म्हणजे स्वयंपाक्याला. हा सारा भेद एका ‘र’च्या दोन रूपांवर उभा! ही सारी समज यंत्राला द्यावी लागते.

मुंबईच्या राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्रात, म्हणजे पुढे सी-डॅकमध्ये विलीन झालेल्या संस्थेत, जोशींनी तरुण सहकाऱ्यांना बरोबर घेऊन हे काम केले. २००० साली आलेल्या विंडोज प्रणालीबरोबर त्यांचा ‘मंगल’ हा देवनागरी अक्षरसंच घरोघरी आणि कार्यालयोकार्यालयी पोहोचला. तमिळ, तेलुगू, कन्नड, गुजराती या लिप्यांचे संचही त्यांच्याच देखरेखीखाली तयार झाले. ‘मंगल’ हा जोशींच्या सुलेखनाइतका देखणा नाही, हे मान्य करावयास हवे. तो साधा, ठसठशीत, पडद्यावर नीट वाचता यावा एवढ्यासाठी घडविलेला आहे. कवीने आपली मिरवण्याची हौस बाजूला ठेवून लोकांच्या सोयीचे अक्षर काढले, यातच त्यांचे मोठेपण आम्हांस दिसते. सरकारी नोकरीची आमची हयात या ‘मंगल’मध्ये टिपण्या वाचण्यात गेली. तो कोणी घडविला, असा प्रश्न आम्हांस कित्येक वर्षे पडलाही नाही. आज हे सांगताना थोडी लाज वाटते.

फेब्रुवारी २००८ मध्ये अमेरिकेत, सॅन फ्रान्सिस्को येथे, जोशी निवर्तले. कवीमागे कविता राहते, चित्रकारामागे चित्रे राहतात. जोशींमागे आपल्या सर्वांच्या पत्रांतली अक्षरे राहिली. त्यांवर कोणाची सही नसते.

बंधुभगिनींनो, स्मारके उभारणे आपल्या आवाक्यातले नाही. पण एक गोष्ट आहे. आपली मुले, नातवंडे गावाकडच्या आजीला फोनवरून निरोप धाडतात. भाषा मराठी, अक्षरे मात्र रोमन. आमच्याही घरी हेच चालते. ज्या ‘ळ’साठी कार्यवाहांनी पेन झिजविले तो आता प्रत्येकाच्या खिशातल्या फोनमध्ये आहे, आणि आपण त्याला हात लावीत नाही! पुढील मेळाव्यापर्यंत प्रत्येक घरातल्या मुलाने आजीला एक तरी पत्र देवनागरीत धाडावे, एवढीच आमची विनंती आहे. त्याचा आरंभ आम्ही स्वतःच्या घरापासून करू.

इतके बोलून, र. कृ. जोशी यांच्या स्मृतीस अभिवादन करून, आम्ही आपली रजा घेतो.