जंबुल कुलातील एक अतिसंकटग्रस्त वृक्ष



बंगळुरूहून कोलारच्या दिशेने जाताना निलगिरीची सरळसोट झाडे अनेक ठिकाणी नजरेस पडतात. मूळची ऑस्ट्रेलियातील ही झाडे १९८० च्या दशकात सामाजिक वनीकरणाच्या निमित्ताने या भागातील शेतजमिनींवर मोठ्या प्रमाणात लावली गेली. भूजलपातळी खालावत असल्याच्या चिंतेतून कर्नाटक शासनाने २०१७ मध्ये निलगिरीच्या नव्या लागवडीवर बंदी घातली.

निलगिरी ज्या जंबुल कुलातील (मिर्टेसी) आहे, त्याच कुलात जांभूळ, पेरू आणि लवंग यांचाही समावेश होतो. पानांतील तैलग्रंथी आणि फुलांतील असंख्य पुंकेसर ही या कुलाची ठळक लक्षणे होत. या कुलातील परदेशी वृक्ष सर्वत्र फोफावला असताना एक देशी वृक्ष मात्र नामशेष होण्याच्या मार्गावर आहे. ‘सायझिजियम त्रावणकोरिकम’ हे त्याचे शास्त्रीय नाव. केरळात तो ‘कुलवेट्टी’ म्हणून ओळखला जातो.

तत्कालीन त्रावणकोर संस्थानातील पाणथळ भागात आढळलेल्या या जातीचे नामकरण गँबल या वनस्पतिशास्त्रज्ञाने १९१८ मध्ये केले. पाणथळ जमिनी लागवडीखाली गेल्या, तसा तिचा अधिवास आक्रसत गेला. त्रिशूर जिल्ह्यातील कलशमला येथे ती टिकली, ती देवराईच्या आश्रयाने. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने १९९८ मध्ये तिची नोंद ‘अतिसंकटग्रस्त’ या वर्गात केली.

पुढे बंगळुरू येथील भारतीय विज्ञान संस्थेशी संबंधित एम. डी. सुभाषचंद्रन, टी. व्ही. रामचंद्र आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दापूर तालुक्यात ही जाती आढळल्याचे २००८ मध्ये प्रसिद्ध केले. केरळपासून शेकडो किलोमीटर उत्तरेस लागलेला हा शोध महत्त्वाचा होता. याच तालुक्यातील कत्तलेकान हे रान रानजायफळाच्या दलदलींसाठी प्रसिद्ध आहे. ‘कान’ म्हणजे गावाने श्रद्धेने राखलेले दाट रान. महाराष्ट्रातील देवराईशी त्याचे जवळचे नाते आहे. पश्चिम घाटातील अशा देवरायांचा शास्त्रीय अभ्यास डॉ. माधव गाडगीळ आणि डॉ. वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात केला होता.

या दलदलींचे कार्य समजून घेतले पाहिजे. उथळ दरीतील पालापाचोळ्याने भरलेली माती पावसाचे पाणी धरून ठेवते आणि ते सावकाश ओढ्यात सोडते. खालच्या बाजूची भातशेती व सुपारीच्या बागा या पाण्यावर अवलंबून असतात. तथापि, बारमाही ओलावा असलेली हीच सपाट जमीन बागेसाठीही सोयीची ठरते. त्यामुळे अनेक दलदली मोडून तेथे लागवड झाली. पाणी देणारी जमीनच अशा रीतीने नष्ट झाली, तर शेतकऱ्याचेही दीर्घकालीन नुकसान होते.

अशा वृक्षाची रोपे रोपवाटिकेत वाढवून प्रश्न सुटेल काय? रोपे उपयुक्त आहेत, परंतु पुरेशी नाहीत. जांभळाच्या प्रजातीतील बिया सुकल्या की त्यांची उगवणक्षमता लवकर नष्ट होते. त्यामुळे धान्याप्रमाणे बियाणे कोठीत त्या दीर्घकाळ साठवणे कठीण असते. शिवाय रोप लावण्यासाठी योग्य पाणथळ जागा शिल्लक असावी लागते. म्हणूनच येथे परस्थानी संवर्धनापेक्षा स्वस्थानी संवर्धनाला अग्रक्रम द्यावा लागतो.

यासाठी कायद्याचा आधार उपलब्ध आहे. जैविक विविधता अधिनियम, २००२ नुसार स्थानिक संस्थांच्या पातळीवर जैवविविधता व्यवस्थापन समित्या स्थापन करण्याची, तसेच जैवविविधता वारसा स्थळे घोषित करण्याची तरतूद आहे. बंगळुरूजवळील नल्लूर येथील चिंचेचे बन २००७ मध्ये देशातील असे पहिले स्थळ ठरले. एखाद्या गावातील ओढा, दलदल आणि तेथील झाडे यांची नोंद लोकजैवविविधता नोंदवहीत झाली, तर जमिनीच्या वापराचा निर्णय घेताना त्यांचा विचार होऊ शकेल. लावलेल्या झाडांची संख्या मोजणे सोपे असते. कोणती जाती कोठे टिकली आणि तिचे पाणी अबाधित राहिले काय, हे तपासणे अधिक आवश्यक आहे.