दुव्यामागील नोंद

महाड व पोलादपूर हे तालुके एकाच विधानसभा मतदारसंघात मोडतात. निवडणूक आली की, ‘लाभार्थी यादीत आपले नाव पाहा’ असा लघुसंदेश येऊ शकतो. त्यातील दुवा प्रत्येक क्रमांकासाठी निराळा करता येतो. तो कोणी, केव्हा उघडला याची नोंद पाठविणाऱ्याकडे राहते. मत गुप्त राहते, मतदाराची गरज मात्र उघड होते.

१ ऑक्टोबर २०२४ पासून नोंदणी नसलेले दुवे रोखण्याचा दूरसंचार नियामक प्राधिकरणाचा आदेश लागू झाला. परंतु नोंदणीकृत दुवाही माग ठेवू शकतो. म्हणून शिक्षकांनी व पंचायत सदस्यांनी गावकऱ्यांना सांगावे : योजनेची चौकशी ग्रामपंचायतीत करावी. संशयास्पद संदेश पुसू नये. तो निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांना दाखवावा.