हात पुरेल तिथे कप्पा

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवानिमित्त महिला मंडळाने गच्चीवर आयोजित केलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



पंचवीस वर्षं सोसायटी चालवणं म्हणजे काय, ते पाण्याची वेळ, गच्चीची गळती आणि मेंटेनन्सची थकबाकी ज्यांनी सांभाळली त्यांनाच ठाऊक.

मला विषय दिलाय ‘मुलांच्या बेडरूममधील सामानाची मांडणी’. निमंत्रण द्यायला वहिनी आल्या तेव्हा मी विचारलं, “तुमच्या इमारतीत मुलांची बेडरूम किती घरांत आहे?” त्या हसल्या आणि म्हणाल्या, “बाई, आमच्याकडे आमचीच नाही!” म्हणून मी विषयात एकच शब्द बदलून घेतलाय. मुलांची खोली नव्हे, मुलांची जागा. बत्तीस वर्षं बालवाडीत आणि प्राथमिक शाळेत शिकवलं, त्यामुळे मुलं आणि त्यांचा पसारा या दोन्ही गोष्टींची मला बऱ्यापैकी ओळख आहे.

आपल्या घोडपदेवचं वास्तव आधी मान्य करू. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत उपकरप्राप्त इमारतींच्या पुनर्विकासात भाडेकरूला किमान २२५ चौरस फूट चटई क्षेत्र ठरलं होतं. त्याच मापाने आपल्या भागात कितीतरी इमारती उभ्या राहिल्या. इथेच न्यू हिंद मिलच्या जागेवर म्हाडाने गिरणी कामगारांना दिलेली घरंही २२५ फुटांचीच. बीडीडी चाळीतली खोली तर १६० फुटांची. मोरी, संडास, ओटा वजा केला की हॉल उरतो, आणि त्यात देव्हारा, टीव्ही, फ्रिज, आजी-आजोबा आणि शाळेत जाणारी दोन मुलं. मासिकात छापतात तशी कार्टूनच्या वॉलपेपरची गुलाबी खोली आपल्याला काय शिकवणार?

पण शिकवणारी एक गोष्ट आपल्याच वस्तीत आहे. गिरणगावातल्या गावकरी मंडळांच्या खोल्या आठवा. कोकणातून, जुन्नर-आंबेगावातून, साताऱ्याकडून आलेले गिरणी कामगार एका खोलीत कितीतरी जण राहायचे. पाळ्या वेगवेगळ्या, त्यामुळे एक उठला की त्याच्या जागी दुसरा झोपायचा. झोपायची जागासुद्धा स्वतःची नाही! तरी प्रत्येकाची दोन गोष्टींवर मालकी असायची: भिंतीवरची एक खुंटी आणि एक लोखंडी ट्रंक. ट्रंकेला कुलूप. त्यात घरची पत्रं, एक चांगला सदरा, पगारातून बाजूला काढलेले चार पैसे. दुसऱ्याच्या ट्रंकेला कुणी हात लावायचा नाही, हा खोलीचा कायदा.

आता मला सांगा, जे त्या दाटीत आपल्या आजोबांना मिळत होतं, ते आज २२५ फुटांत आपल्या दहा वर्षांच्या मुलीला का मिळू नये? एक खुंटी आणि एक ट्रंक. माझ्या व्याख्यानाचं सार एवढंच आहे. बाकीचा तपशील.

तपशील सांगते. पहिलं काम, मापाची टेप नको, पेन्सिल घ्या. मुलाला भिंतीशी उभं करा, हात वर करायला सांगा, आणि जिथे मनगट येईल तिथे खूण करा. मुलाच्या रोजच्या वापराची एकही वस्तू त्या खुणेच्या वर ठेवायची नाही. आपण काय करतो? दप्तर मोठ्यांच्या हुकावर, रंगपेटी फ्रिजवर, गोष्टीचं पुस्तक शोकेसच्या वरच्या कप्प्यात. मग मूल दहा वेळा “आई, काढून दे” म्हणतं, आणि आपण म्हणतो, “हा स्वतःचं काही करत नाही.” अहो, हात पुरत नाही, तो करणार कसा? दर जूनमध्ये शाळा सुरू होताना नवी खूण करा. उंची किती वाढली तेही कळतं आणि फळी किती वर सरकवायची तेही.

दुसरं, खुंटी. खिडकी-दरवाजाच्या मागे एक पट्टी ठोका, मुलाच्या खांद्याच्या उंचीवर. एक हुक दप्तराला, एक युनिफॉर्मला, एक पाण्याच्या बाटलीला. दोन मुलं असतील तर दोन पट्ट्या, नावासकट. दप्तर टांगण्याआधी रोज रिकामं करायची सवय लावा. दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त असू नये, असा नियम आहे. पंचवीस किलोच्या मुलाला अडीच किलो. घरी पुस्तकांना ठरलेली जागा नसली की मूल सगळीच पुस्तकं रोज पाठीवर वाहतं, कारण दप्तर हेच त्याचं कपाट होऊन बसतं.

तिसरं, दिवाण. बहुतेक घरांत बॉक्सचा दिवाण आहे. गादी उचला, फळी उचला, मग आतलं सामान. मुलाला हे उघडता येत नाही आणि त्याने उघडूही नये, फळी बोटांवर पडते. म्हणून आत वर्षातून एकदा लागणाऱ्या वस्तू भरा: जास्तीच्या गोधड्या, गणपतीचं मखर, गावी न्यायच्या बॅगा. रोजचं सामान ठेवायला साधा पायांचा पलंग असेल तर उत्तम. खाली दोन उथळ खोके, त्यांना चार-चार चाकं. चाकं नागदेवी स्ट्रीटला मिळतात, कोणताही सुतार अर्ध्या तासात बसवतो. भाजीचा प्लॅस्टिकचा क्रेटसुद्धा चालतो. उथळ एवढ्यासाठी की खोल खोक्यात तळाची वस्तू काढायला मूल सगळं उपडं करतं. मग आपण पसाऱ्यावर ओरडतो. दोष खोक्याच्या खोलीचा असतो.

चौथं, लोखंडी कपाट. प्रत्येक घरात आहेच. त्याचा सगळ्यात खालचा कप्पा सहसा जुन्या चादरींना असतो. तो मुलांना द्या, चादरी वर न्या. दाराच्या आतून जुन्या जीन्सचे खिसे शिवलेलं कापड लावा. मोजे, रुमाल, रिबिनी त्यात राहतात. आणि कपाटाची बाजू लोखंडाची आहे हे विसरू नका. चार लोहचुंबक आणले की शाळेचं वेळापत्रक, मुलाने काढलेलं चित्र, सगळं तिथे लागतं. भिंतीला टेप लावून रंग निघतो, ती कटकट नाही.

पाचवं, अभ्यासाची जागा. भिंतीला बिजागरीने लावलेलं घडीचं टेबल, दोन फूट बाय दीड फूट. अभ्यास झाला की मिटलं. तेही शक्य नसेल तर बैठं टेबल घ्या. मांडी घालून बसणाऱ्या मुलाला दहा-बारा इंच उंची पुरते. वर एक फळी, बारा इंच खोल. प्लाय अठरा मिलिमीटरचा घ्या आणि दोन आधारांत अडीच फुटांपेक्षा जास्त अंतर ठेवू नका, नाहीतर पुस्तकांच्या वजनाने फळी मधोमध वाकते. आणि भिंत फोडायची असेल, कोनाडा काढायचा असेल, तर आधी सचिवांना विचारा. बीम आणि कॉलमला हात लावायचा नाही, ते एकट्याच्या घराचे नसतात.

आता खेळणी. इथे एक जुनी गोष्ट सांगते. १९०७ साली रोममध्ये सान लोरेन्झो नावाच्या कामगार वस्तीत आपल्या चाळींसारख्या इमारती होत्या. आईबाप कामावर जात आणि मागे राहिलेली लहान मुलं जिने आणि भिंती खराब करत. इमारतींच्या मालक कंपनीने वैतागून ठरवलं, या मुलांना इमारतीतच एक खोली देऊ. ती सांभाळायला डॉक्टर मारिया मॉन्टेसरींना बोलावलं. त्यांचं पहिलं बालगृह असं सुरू झालं. तिथे साहित्य कुलपाच्या कपाटात असायचं. एकदा बाई कपाट बंद करायला विसरल्या. दुसऱ्या दिवशी पाहतात तर मुलांनी आपापल्या आवडीची वस्तू काढून काम सुरू केलेलं. बाईंना वाटलं, ही तर चोरी. मॉन्टेसरी म्हणाल्या, मुलांना काय हवं ते त्यांचं त्यांना कळतं. तेव्हापासून उंच कपाटं गेली आणि बुटकी आली.

आपल्याकडे हाच विचार ताराबाई मोडकांनी रुजवला. १९३६ मध्ये दादरला हिंदू कॉलनीत त्यांनी शिशुविहार सुरू केलं, आणि १९४५ मध्ये बोर्डीला अनुताई वाघांना बरोबर घेऊन बालवाडी. तिथे महागडं साहित्य कुठून येणार? शंखशिंपले, बिया, पानं, माती हेच साहित्य. तेव्हा खेळण्यांचं कपाट विकत आणायची घाई करू नका. बुटके, उघडे डबे घ्या. एका डब्यात एकच प्रकार: ठोकळे एकात, गाड्या एकात, भांडीकुंडी एकात. वाचता न येणाऱ्या मुलासाठी डब्यावर चित्र चिकटवा. निम्मी खेळणी माळ्यावर टाका आणि दर पौर्णिमेला अदलाबदल करा. महिनाभराने खाली आलेलं खेळणं मुलाला नवंच वाटतं, आणि तुमचा बाजारचा खर्च वाचतो.

पावसाळ्याचं वेगळं सांगते. बाहेरच्या भिंतीला कपाट चिकटवू नका, दोन-तीन इंच हवा खेळू द्या, नाहीतर मागे बुरशी धरते. पुस्तकांना कसर लागू नये म्हणून वाळवलेला कडुनिंबाचा पाला पुरे. डांबराच्या गोळ्या लहान मुलांच्या वस्तूंत अजिबात नकोत. मूल त्या पेपरमिंट समजून तोंडात घालतं.

आणि तीन गोष्टी, ज्यात कुणाचीही सबब ऐकायची नाही. एक, उंच कपाट किंवा शोकेस भिंतीला एल-पट्टी आणि स्क्रूने बांधा. मुलं खणांची पायरी करून वर चढतात आणि कपाट अंगावर येतं. दोन, खिडकीखाली पलंग, ट्रंक, खोका, चढता येईल असं काहीही नको. जाळी असली तरी नको. तीन, चपलांचं स्टॅंड, सायकल, जुनं खेळणं पॅसेजमध्ये आणि जिन्यात नको. घरात जागा नाही म्हणून आपण ते बाहेर काढतो. पण आग लागली, धूर झाला, तर आपली मुलं त्याच जिन्याने खाली यायची आहेत.

आता एक गोष्ट, जी हळदीकुंकवाला बोलतो ती आज सगळ्यांसमोर बोलते. घरात कॉट एकच असली की ती मुलाला मिळते. टेबल एकच असलं की “त्याची दहावी आहे” म्हणून त्याला मिळतं. मुलीचे कपडे आईच्या कपाटात, वह्या स्वयंपाकघरातल्या फळीवर, आणि झोपायला जमीन. ती तक्रार करत नाही, म्हणून आपल्याला वाटतं तिला काही नकोय. शाळेत मी अशा मुली पाहिल्यात, ज्या आपली डायरी शाळेच्या बाकात ठेवायच्या, कारण घरी ठेवायला जागा नव्हती. मुलगी दहा-अकरा वर्षांची झाली की तिला एक बंद होणारा खण हवाच. तिचे आतले कपडे, तिचे पॅड्स, तिची वही. भाऊ, बाबा, पाहुणे यांच्यासमोर मागावं लागू नये, लपवत न्यावं लागू नये. त्याची किल्ली तिच्याकडे. आणि आईनेही तो खण तिला विचारल्याशिवाय उघडू नये. मुलालाही तोच न्याय. ज्या मुलावर घर असा विश्वास टाकतं, ते मूल अडचणीत सापडलं की बाहेर नाही, घरी येऊन बोलतं, हा माझा बत्तीस वर्षांचा अनुभव आहे.

शेवटी कार्यकारिणीकडे दोन मागण्या. रोमच्या त्या इमारतीला जमलं ते आपल्याला जमेल. सोसायटीचं ऑफिस महिन्यात सभेचे चार-पाच दिवस सोडले तर बंदच असतं. ते रोज संध्याकाळी अभ्यासिका म्हणून उघडा. चार बाकं, एक दिवा, एक पंखा, आणि पाळीने एक पालक. तिथेच एक कपाट ठेवा, मे महिन्यात वरच्या वर्गात गेलेल्या मुलांनी जुनी पुस्तकं त्यात ठेवायची, जूनमध्ये खालच्यांनी न्यायची. घरातली तेवढी फळी मोकळी होईल.

दुसरी मागणी पुढची. आज ना उद्या आपल्याही इमारतीच्या पुनर्विकासाचा नकाशा या गच्चीवर उलगडला जाईल. तेव्हा आपण सगळे पार्किंग किती, कॉर्पस किती, याची चर्चा करू. करायलाच हवी. पण त्या नकाशावर एका तरी सभासदाने बोट ठेवून विचारावं, “यात मुलांचा कोपरा कुठे?” खिडकीजवळ चार फूट बाय चार फूट जागा आधी मागितली तर मिळते, प्लास्टर झाल्यावर मिळत नाही.

बाळगोपाळांनो, आज घरी गेलात की आईकडे पेन्सिल मागा. बाकी काही मागू नका. भिंतीवर खूण करून घ्या. पुढचं काम मोठ्यांचं.