विजेच्या मोटरसायकलचा हिशेब
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



आम्ही ठाण्यात आणि कल्याण-डोंबिवलीत पोटासाठी गेलेली कोरडवाहू कापूसवाल्यांचीच पोरं. गावाकडून सारखी विचारणा होते : विजेची मोटरसायकल कोणती घ्यावी? म्हणून ठाण्या-कल्याणची दुकानं फिरलो. कळलं ते हिशेबानं मांडतो.

सव्वा लाखाची गाडी धरा. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८,११० रुपये. त्या भावानं साडेपंधरा क्विंटल कापूस झाला. एकरी चार-पाच क्विंटल पिकला तर तीन-चार एकरांचं सगळं पीक, तेही बी, खत, वेचणीचा खर्च वजा न करता. आणि हमीभाव हातात पडतो किती जणांच्या, ते तुम्ही जाणताच.

दुकानदार आधी सांगतो, एका चार्जिंगला किती किलोमीटर. तो आकडा बियाण्याच्या पिशवीवरच्या चित्रासारखा समजा. तुम्ही विचारायचं, बॅटरी किती किलोवॅट-तासांची? एक किलोवॅट-तास म्हणजे आपल्या वीजबिलातलं एक युनिट. २०१९ साली आलेल्या रिव्होल्ट आरव्ही ४०० ची बॅटरी ३.२४ युनिटांची. कंपनीनंच तीन आकडे दिले : मंद चालीत १५० किलोमीटर, मध्यम चालीत १००, जोरात ८०. गाडी तीच, बॅटरी तीच. मागे माणूस, पुढे खताचं पोतं आणि खडीचा रस्ता असेल तर आपला आकडा खालचाच. कल्याण-शीळ रस्त्यावरच्या गर्दीत गाडी हळू चालते, ब्रेक लावताना थोडी वीज परतही मिळते. तिथला आकडा आपल्या मोकळ्या रस्त्याला लावू नका.

आता खर्च. चार्जिंगमध्ये थोडी वीज वाया जाते. शंभर किलोमीटरला चार युनिटं धरा, दहा रुपये दरानं चाळीस रुपये. पेट्रोलची गाडी लिटरला साठ देते. पेट्रोल शंभरीपार, म्हणजे शंभर किलोमीटरला १७० रुपये. बचत १३० रुपयांची. विजेच्या गाडीला चाळीस हजार जास्त मोजले, तर ते फिटणार कधी? डोंबिवलीत घरोघर पार्सल पोचवणारं पोरगं रोज शंभर किलोमीटर फिरतं. महिन्याला ३,९०० वाचतात, दहा-अकरा महिन्यांत फिटले. आपण रोज वीस किलोमीटर फिरलो तर महिन्याला ७८० वाचणार. सव्वाचार वर्षं लागतील, आणि कर्जाचं व्याज त्यात धरलेलंच नाही. शहरात जे परवडतं ते गावात परवडेलच असं नाही. दूध घालायला, भाजी विकायला रोज लांब जाणाऱ्यानं जरूर विचार करावा. आठवड्याच्या बाजारापुरती गाडी लागणाऱ्यानं जुनी गाडी मोडू नये.

तिसरी गोष्ट विजेची. डोंबिवलीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्याला प्रश्न पडतो, वायर खाली सोडू कशी? आपल्याला अंगण आहे, पण वीज जाते. गावठाणात रात्री सलग किती तास वीज असते ते आठ दिवस लिहून ठेवा. घरचं अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्या. शेतीपंपाच्या जोडणीवर गाडी लावू नका.

२०२२ मध्ये काही विजेच्या दुचाकींना आगी लागल्या. त्यानंतर केंद्र सरकारनं बॅटरीचे सुरक्षेचे नियम कडक केले. जुनी गाडी स्वस्तात मिळाली तरी तिची बॅटरी नियम कडक होण्याआधीची आहे का, ते पाहा. लोह-फॉस्फेटची बॅटरी उष्णता जास्त सोसते. आपल्याकडच्या ऊनात हे महत्त्वाचं.

अनुदानावर भुलू नका. केंद्रानं जून २०२१ मध्ये ते युनिटामागं १५,००० रुपये केलं, जून २०२३ मध्ये १०,०००, एप्रिल २०२४ मध्ये ५,०००. सरकार देतं ते सरकार काढूनही घेतं. अनुदान धरूनच परवडणारी गाडी परवडत नाही असं समजा.

दुरुस्तीचं केंद्र तालुक्याला आहे का, बॅटरीची हमी किती वर्षांची, किती किलोमीटरची, हे लेखी घ्या. ठाण्यातल्या दुकानाची पाटी चकचकीत असते. बंद पडलेली गाडी टेम्पोत घालून तिथं न्यायची तर भाडं कोण देणार?

आमचं म्हणणं एवढंच : पीककर्जाच्या पैशानं गाडी घेऊ नका. गावात एकानं घेतली असेल तर पावसाळा आणि उन्हाळा तिची चाल बघा. पुढच्या बैठकीला प्रत्येक गावानं आपले आकडे लिहून आणावेत. आम्ही ठाण्या-कल्याणचे दर घेऊन येतो. दोन्ही कागद शेजारी ठेवू आणि मग ठरवू.