चित्रपटांची जयंती आणि सर्वपित्री



व्याख्यानमालेत चित्रपटाचा विषय लागला की श्रोत्यांच्या दोन तऱ्हा दिसतात. काही मंडळी नटनट्यांच्या गमतीजमती ऐकायला मिळतील म्हणून पुढच्या रांगेत येऊन बसतात. आणि काहींना प्रश्न पडतो की वेदान्त, इतिहास आणि अर्थशास्त्र यांच्या पंक्तीत हे पान कोणी मांडले? या दोन्ही पक्षांची आज थोडीफार निराशा होणार आहे. आम्ही बोलणार आहोत ते जुन्या चित्रपटांच्या जयंत्यांविषयी. पंचविसावे, पन्नासावे, शंभरावे वर्ष उजाडले की आपण प्रतिमेला हार घालतो, परिसंवाद भरवतो, वर्तमानपत्रांतून लेख लिहितो. हे सारे चांगलेच आहे. परंतु ज्याची जयंती करायची तो आहे कुठे, हा प्रश्न या धामधुमीत विचारायचा राहून जातो. तोच आज आपल्यापुढे ठेवायचा आहे.

पुस्तकाची शताब्दी आली तर ते पुन्हा छापता येते. अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘सौभद्र’ १८८२ साली रंगभूमीवर आले. त्या रात्रीचे नट गेले, प्रेक्षक गेले. पण नवा संच जमला, पेटी-तबला लागला, की सौभद्र पुन्हा उभे राहते. चित्रपटाची गोष्ट निराळी. तो त्या फितीतच असतो. फीत गेली की कथा, पदे, जाहिराती, छायाचित्रे यांपैकी काहीही हाती राहिले तरी तो चित्रपट नव्हे. लग्नपत्रिका जपून ठेवली म्हणजे लग्न पाहिल्यासारखे होत नाही, त्यातलाच हा प्रकार.

आपल्याकडे पहिली जयंती अर्थातच दादासाहेब फाळके यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’ची. इथे आरंभालाच तिथीचा वाद उभा राहतो. हा चित्रपट २१ एप्रिल १९१३ रोजी मुंबईच्या ऑलिंपिया थिएटरात निमंत्रितांना दाखवला गेला आणि ३ मे १९१३ रोजी कॉरोनेशन सिनेमात सर्वांसाठी लागला. त्याच कॉरोनेशनमध्ये वर्षभर आधी, १८ मे १९१२ रोजी, दादासाहेब तोरणे यांचा ‘श्री पुंडलिक’ दाखवला गेला होता. मात्र ते होते रंगमंचावरच्या नाटकाचे चित्रण, आणि त्याची फीत धुण्यासाठी विलायतेला गेली होती. म्हणून पहिलेपणाचा मान फाळक्यांकडे जातो. शिवजयंती तिथीने की तारखेने, याचा निकाल ज्या प्रांतात अजून लागलेला नाही, त्या प्रांतात पुंडलिक की हरिश्चंद्र हाही वाद चालू राहील. आमचे मत फाळक्यांच्या बाजूला आहे; पण तोरण्यांना त्या दिवशी एक फूल वाहायला कोणाची हरकत नसावी.

खरी अडचण तारखेची नाहीच. ‘राजा हरिश्चंद्र’ची लांबी सुमारे ३७०० फूट, म्हणजे चार रिळे. त्यांतील पहिले आणि शेवटचे, एवढी दोनच रिळे आज आपल्यापाशी आहेत. राजा रोहिताला धनुर्विद्या शिकवतो आहे, शेजारी तारामती आहे, हे दृश्य आपण अनेकांनी पाहिले असेल. गंमत अशी की फाळक्यांनी हीच कथा १९१७ साली पुन्हा चित्रित केली, आणि उरलेली रिळे १९१३ची नसून त्या दुसऱ्या चित्रपटाची असावीत असे काही अभ्यासकांचे म्हणणे आहे. म्हणजे ३ मे रोजी आपण मोठ्या अभिमानाने जे दाखवतो, ते कदाचित जयंती असलेल्या चित्रपटाचे नव्हेच, त्याच्या धाकट्या भावाचे आहे!

जयंतीच्या समारंभात खुद्द उत्सवमूर्ती कशी बाजूला पडते याचे उदाहरणही याच घराण्यातले आहे. १९३९ साली मुंबईत भारतीय चित्रपटधंद्याचा रौप्यमहोत्सव थाटाने साजरा झाला. त्या वेळी फाळके हयात होते. विमा गहाण टाकून १९१२ साली विलायतेला गेलेला, घरच्या स्वयंपाकघराची प्रयोगशाळा करणारा हा मनुष्य तेव्हा थकलेला, धंद्यातून बाहेर पडलेला होता. पंचवीस वर्षे मोजली जात होती ती त्याच्याच चित्रपटापासून, पण व्ही. शांताराम यांनी पुढाकार घेतला म्हणून त्याच्याकडे मंडळींचे लक्ष गेले आणि त्याच्या घरासाठी काही हजार रुपये जमले. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला त्यांचे देहावसान झाले. त्यांच्या नावाने सर्वोच्च पारितोषिक सुरू झाले ते १९६९ साली. सरस्वतीबाई फाळक्यांनी रात्ररात्र जागून फितीला भोके पाडली, फीत धुतली, पन्नास-साठ माणसांचा स्वयंपाक केला. त्यांच्या नावाचे पारितोषिक कुठे आहे?

आता बोलपटाकडे वळू. १४ मार्च १९३१ रोजी गिरगावच्या मॅजेस्टिक सिनेमात अर्देशीर इराणी यांचा ‘आलम आरा’ लागला. गर्दी आवरायला पोलीस बोलवावे लागले. आज त्याची एकही प्रत उपलब्ध नाही. १४ मार्च २०३१ रोजी त्याला शंभर वर्षे होतील. मोठे समारंभ होतील यात शंका नाही. पण पडद्यावर काय दाखवणार? मूठभर छायाचित्रे! ज्याचे अस्तित्व संपले त्याच्या नावाने दरवर्षी जे करायचे त्याला आपल्याकडे जयंती म्हणत नाहीत, श्राद्ध म्हणतात. आणि गेलेल्याची तिथीही ठाऊक नसेल, तर शास्त्राने सर्वपित्री अमावास्येची सोय करून ठेवली आहे. आमच्या मूकपटांना ती सोय फार उपयोगी पडेल. १९१३ पासून पुढच्या वीस-एकवीस वर्षांत या देशात तेराशेहून अधिक मूकपट निघाले. त्यांपैकी आज उरले आहेत तिसाच्या आसपास, आणि त्यांतलेही बहुतेक तुकड्यांनी.

या गेलेल्यांत आमचा सर्वांत जवळचा कोण म्हणाल, तर बाबूराव पेंटरांचा ‘सावकारी पाश’. बाबूराव कोल्हापूरचे, पडदे रंगवणारे कलावंत. त्यांनी कॅमेरासुद्धा कोल्हापुरातच तयार केला. त्यांचा पहिला चित्रपट ‘सैरंध्री’ ७ फेब्रुवारी १९२० रोजी पुण्यात मंडईजवळच्या आर्यन सिनेमात झळकला. लोकमान्यांनी त्यांना ‘सिनेमा केसरी’ म्हणून गौरवले. फाळक्यांना तारामतीच्या कामासाठी उपाहारगृहात काम करणाऱ्या अण्णा साळुंक्यांना लुगडे नेसवावे लागले होते. ‘सैरंध्री’त स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीच केल्या. त्या चित्रपटाची फीत आज नाही. आर्यन सिनेमाही नाही. तिथे आता वाहने उभी राहतात. २०२० साली ‘सैरंध्री’ची शताब्दी आली तशी गेली.

पाच वर्षांनी, १९२५ साली, त्याच बाबूरावांनी देवदेवता आणि राजेरजवाडे सोडून कर्जात बुडालेल्या शेतकऱ्याला पडद्यावर आणले. कथा नारायण हरी आपट्यांची. सावकार जमीन गिळतो, आणि शेतकऱ्याला गाव सोडून मुंबईच्या गिरणीची वाट धरावी लागते. तरुण शेतकऱ्याच्या कामात होते शांताराम वणकुद्रे, पुढचे व्ही. शांताराम. ज्या काळी प्रेक्षक चमत्कार पाहायला येत, त्या काळी हा मनुष्य खोपटाचे दार आणि रिकामे दाणे-मडके दाखवू पाहत होता. गल्ला जमला नाही. परंतु ज्यांनी तो पाहिला त्यांना तो सुटला नाही.   बाबूरावांनी १९३६ साली याच कथेचा बोलपट काढला; त्यातली भकास झोपडी आणि विव्हळणारे कुत्रे निर्माते जे. बी. एच. वाडिया यांना कित्येक वर्षांनंतरही आठवत होते. पण १९२५चा तो मूकपट गेला तो गेलाच. तो पाहिलेले डोळेही आता मिटले. २०२५ साली ‘सावकारी पाश’ला शंभर वर्षे झाली. विदर्भ-मराठवाड्यातल्या शेतकऱ्याच्या कर्जाविषयी आपण एवढे बोलतो. त्या शेतकऱ्याला पहिल्यांदा पडद्यावर आणणाऱ्या चित्रपटाचे शंभरावे वर्ष किती गावांनी साजरे केले?

हे चित्रपट गेले कसे, हे थोडे समजून घेतले पाहिजे, कारण सगळा दोष काळाच्या माथी मारून चालणार नाही. १९५० च्या सुमारापर्यंत फीत नायट्रेटची असे. ती भडकन पेटते, आणि जळायला लागणारा प्राणवायू तिच्यातूनच निघत असल्यामुळे पाण्यात बुडवली तरी विझत नाही. जळाली नाही तरी ती सडते: चित्र पुसट होते, फीत चिकट होते, मग मधासारखा फेस येतो आणि शेवटी तपकिरी भुकटी उरते. आमच्या उकाड्यात आणि पावसाळ्यात हे सारे लवकर होते. दुसरे कारण चांदी. फितीवरच्या लेपात चांदी असते. चित्रपट जुना झाला, थिएटर मिळेना, की व्यापारी फीत धुऊन चांदी काढी आणि उरलेली पट्टी भंगारात जाई. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचे पी. के. नायर ‘आलम आरा’च्या शोधात इराणींच्या घरी गेले, तेव्हा उरलेली रिळेही चांदी काढून विकली गेल्याचे त्यांना घरच्यांकडून कळले. दिवंगत कर्त्या पुरुषाचे दागिने मोडून खाणारी घरे आपण पाहतो. नावे ठेवण्यापूर्वी त्या घरची अडचणही ध्यानात घ्यावी लागते.

नायरांचे नाव निघाले तर दोन शब्द अधिक बोलू. पुण्याचे हे संग्रहालय १९६४ साली स्थापन झाले; २०२२ साली ते राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाले आहे. केरळातून आलेल्या या गृहस्थाने नाशिकला फाळक्यांच्या कुटुंबीयांकडे जाऊन रिळे मिळवली. ‘कालिया मर्दन’ हा १९१९चा चित्रपट आज बहुतांशी सलग पाहता येतो, आणि फाळक्यांची चिमुरडी मंदाकिनी कृष्ण होऊन आपल्याकडे पाहून हसते, ती या धडपडीमुळे. तथापि संग्रहालयात गेले म्हणजे सगळे अमर झाले असेही नव्हे. ८ जानेवारी २००३ रोजी पुण्यात, पूर्वीच्या प्रभातच्या आवारात, नायट्रेट फितींच्या कोठाराला आग लागली आणि हजारो रिळे भस्म झाली. पुष्कळांच्या प्रती आधीच सुरक्षित फितीवर उतरवलेल्या होत्या, म्हणून निभावले.

मग जयंती करावी कशी? पहिली गोष्ट, चित्रपट अख्खा दाखवावा. ‘संत तुकाराम’चा वाढदिवस आला की पागनीसांचे एक पद आणि शेवटचे विमान एवढे दाखवून सत्कारांना आरंभ होतो. १९३६चा हा दामले-फत्तेलालांचा चित्रपट मुंबईच्या सेंट्रल सिनेमात वर्षाहून अधिक काळ चालला आणि १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला, हे भाषणात सांगून काय होणार? पोर आजारी पडले म्हणून हातात वहाण घेऊन पांडुरंगाला जाब विचारायला निघालेली गौरीबाईंची आवली पाहिल्याशिवाय तो चित्रपट कळत नाही. पागनीसांचा तुकोबा जितका आकाशाकडे पाहतो, तितकी ही बाई चुलीकडे पाहते, आणि चित्रपट दोघांच्याही बाजूने उभा राहतो. हे तुकड्यांत दिसायचे नाही. याच चित्रपटासाठी शांताराम आठवल्यांनी रचलेला अभंग लोक तुकोबांचाच समजून गात राहिले; कवीला याहून मोठी पावती कोणती?

दुसरी गोष्ट, मूकपट दाखवायचा तर त्याच्या गतीने दाखवावा. ते पुष्कळदा सेकंदाला सोळाच्या आसपास चित्रे या वेगाने घेतलेले असत. बोलपटाच्या चोवीसच्या वेगाने फिरवले की माणसे तुरुतुरु पळतात, पोरे हसतात, आणि आपले पूर्वज विदूषक होते असा समज होतो. समोर पेटी-तबला असावा; तेव्हाही असे.

आणि तिसरी गोष्ट विस्मृतांची. जो चित्रपट उरलेलाच नाही त्याची जयंती कशी करणार, असे कोणी विचारील. आमचे म्हणणे असे की तीच अधिक अगत्याने करावी, कारण शोध घ्यायला निमित्त लागते. त्या वर्षी गावच्या वाचनालयाने जुने अंक काढून जाहिराती व परीक्षणे पाहावीत. थिएटरात विकल्या जाणाऱ्या कथा-पदांच्या पातळ पुस्तिका कोणाच्या तरी माळ्यावर असतील, त्या मागवाव्यात. ‘सावकारी पाश’ची कथा भर सभेत वाचावी. ६ फेब्रुवारी २०३२ रोजी ‘अयोध्येचा राजा’ या प्रभातच्या पहिल्या मराठी बोलपटाला शंभर वर्षे होतील. सुदैवाने तो आहे. दुर्गाबाई खोट्यांची तारामती आपल्याला दिसते आणि ऐकू येते. तोवर आपल्याला काही वर्षे मिळालेली आहेत, आणि फिरत्या तंबूंचे मालक, जुन्या थिएटरांचे वारस, वितरकांच्या बंद पडलेल्या कचेऱ्या या महाराष्ट्रात ठिकठिकाणी आहेत.

कोणाच्या घरी माळ्यावर किंवा तळघरात गंजलेला, चपटा, गोल पत्र्याचा डबा सापडला, तर तो भंगारवाल्याला देऊ नये. उन्हात ठेवू नये, जवळ दिवा किंवा विडी नेऊ नये, आणि झाकण बसले असेल तर ते ठोकून काढू नये. आत चिकट फीत दिसली, उग्र वास आला, तरी ती उलगडून पाहण्याचा मोह आवरावा. टपालाने किंवा रेल्वेने पाठवू नये. डब्यावर चिकटवलेल्या कागदावर काही अक्षरे असतील तर ती उतरवून घ्यावीत आणि पुण्याला संग्रहालयाकडे कळवावे; पुढचे ते पाहतील.